घोरणं चालतं, यंत्र नको

श्रावणात औंढा नागनाथला एका खोलीत सहा जण म्हणजे चैनच. त्यात कुणी सीपॅपचा मास्क चढवला की चर्चा सुरू: 'काका, आयसीयूतून पळून आलात का?' कोपऱ्यातले मामा ट्रॅक्टरसारखे घोरतात, ती म्हणे गाढ झोप! झोपेत श्वास अडू नये म्हणून हवेचा दाब देणाऱ्या यंत्राची बारीक घरघर मात्र सगळ्यांना टोचते. ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपाय जगापुढे मांडला. खोलीतल्या एकुलत्या एक प्लगवर पहिला हक्क मोबाइलचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मोबाइल बंद पडला तर फार तर रील चुकेल, श्वास नव्हे. तेव्हा प्लग सोडा. आणि मामा, तुम्हीही एकदा झोपेची तपासणी करून घ्या.