सावकाश सुटणारे भावोजी

आमच्या भावोजींपुढे दह्याची वाटी ठेवली की ते आधी ती उलटी करतात. वाटी तिरपी होत होत पार पालथी होते, ताई डोळे मिटून घेते, शेजारचे लोक आपापली ताटं जपून बाजूला सरकवतात आणि भावोजी मनातल्या मनात आकडे मोजत राहतात. दही पडलं नाही तर "जेल आहे" असा निकाल देऊन वाटी सरळ करतात आणि मग जेवायला लागतात. पडलं तर टेबल पुसतात. टेबल पुसण्यात त्यांचा हात आता चांगलाच बसला आहे.

नवीन माणसाला हे खूळ वाटतं, पण हा त्यांचा पेशा आहे. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात एका प्रयोगशाळेत ते लशींसाठी जेल बनवतात, आणि त्या कामातली पहिली चाचणी खरोखरच ही असते: काचेची कुपी उलटी करायची आणि माल खाली येतो का ते बघायचं. त्यानंतर रिओमीटर नावाचं महागडं यंत्र येतं. ते दोन चकत्यांच्या मध्ये माल धरून त्याला पिळतं आणि घट्टपणाचा आकडा वेगळा, वाहण्याचा वेगळा असा काढून देतं. भावोजींचा खरा जीव मात्र कुपीवर. यंत्र फार लवकर उत्तर देतं, ही त्यांची त्या यंत्राविषयीची तक्रार.

लवकर होणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. त्यांचं सगळं संशोधनच त्यावर उभं आहे. लस टोचली की तिच्यातला माल दंडातून काही तासांत, फार तर काही दिवसांत पसार होतो. खरा रोग मात्र आठवडा-दोन आठवडे ठाण मांडून बसतो, त्यामुळे शरीराला त्याचा नीट अभ्यास करायला सवड मिळते. काखेतल्या गाठींत जर्मिनल सेंटर तयार होतात आणि तिथे बी पेशी आपल्या अँटिबॉडींची पकड घासूनपुसून पक्की करत राहतात. मग लस जेलमध्ये मिसळून दिली आणि ती काही आठवडे झिरपत ठेवली तर? स्टॅनफर्डमध्ये एरिक ॲपल यांच्या गटाने २०२० साली उंदरांवर हे करून दाखवलं. जेलमधून दिलेल्या लशीने जर्मिनल सेंटर जास्त काळ टिकली आणि अँटिबॉडींची पकडही सुधारली. तो शोधनिबंध भावोजींनी इतक्या वेळा वाचलाय की ताईलाही त्यातल्या आकृत्या क्रमाने पाठ आहेत.

यात आणखी एक खुबी आहे. लशीत प्रतिजन असतं, म्हणजे ज्याची शरीराला ओळख करून द्यायची तो रेणू, आणि शरीराला खडबडून जागं करणारा अ‍ॅड्ज्युव्हंट असतो. एक रेणू मोठा, दुसरा बहुधा चिमुकला. मोकळे सोडले तर चिमुकला आधीच पळ काढतो. जेलच्या जाळीत दोघं अडकले की बरोबरच बाहेर पडतात. भावोजी हे तत्त्व महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत पाळतात. ताई जोडे घालून, दार उघडून, मोटारीत बसून वाट बघत असते आणि हे उंबऱ्यावर यजमानांना "निघतोच" म्हणत असतात. मोटारीत बसल्यावर "दोघं एकत्रच निघालो की नाही?" असं वर विचारतात.

भावोजींच्या जेलमधला मुख्य पदार्थ सेल्युलोजपासून बनवलेला, हायप्रोमेलोज नावाचा. त्याच्या लांबलचक साखळ्यांना तेलकट शेपट्या जोडतात आणि त्या पाण्यातल्या नॅनोकणांना चिकटतात. चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. पदार्थ तसा गरीब घरचा: गोळ्यांच्या आवरणात असतो, ग्लुटेन नसलेल्या पावात असतो, डोळ्यांत घालायच्या थेंबांतही असतो. गेल्या डिसेंबरात पुण्याला आले तेव्हा आईच्या उशाशी ती थेंबांची बाटली पाहून ते केवढ्याने ओरडले, "आई, अहो हे तर आमचं!" आईला वाटलं, जावई थेंब परत मागतायत. तेव्हापासून ती बाटली देव्हाऱ्यामागे असते.

आता जेलच्या स्वभावाबद्दल. सिरिंजचा दट्ट्या दाबला की ते एकदम पातळ होतं, बारीक सुईतून सुळकन निघतं आणि आत गेल्यावर दाब सुटला की पुन्हा जसंच्या तसं घट्ट बसतं. हे मला भावोजींनी समजावलं तेव्हा ते सोफ्यावर आडवे होते. तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून कडाडली, "कचरा!" भावोजी उठले, दोन पिशव्या उचलल्या, जिना उतरले, डबे रस्त्याच्या कडेला लावले, परत आले आणि सोफ्याच्या त्याच खळग्यात त्याच कोनात स्थिरावले. "तर काय सांगत होतो," ते म्हणाले, "दाब गेला की पूर्ववत." मी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "बावीस वर्षं दट्ट्या दाबतेय मी."

एकादशीला भावोजी उपास करत नाहीत, पण खिचडी आवर्जून खातात आणि खाताना गास्ताँ रामाँची गोष्ट सांगतात. हा फ्रेंच पशुवैद्य. घटसर्पाचं प्रतिविष मिळवायला घोड्यांना टोचायचा. ज्या घोड्यांना टोचल्या जागी गळू होऊन पू धरायचा त्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त निघतं, हे त्याच्या ध्यानात आलं. मग १९२५ च्या सुमारास त्याने मुद्दामच टोचायच्या मालात पावाचा चुरा, अगर आणि टॅपिओका घालून पाहिला, आणि प्रतिविष खरंच वाढलं. "टॅपिओका म्हणजे हाच," असं म्हणून भावोजी चमच्यावर एक साबुदाणा उचलून दिव्यापुढे धरतात. गळवाची गोष्ट ऐन जेवणात सांगू नये हे त्यांना अनेकांनी सांगून पाहिलंय. पुण्यात हडपसरवरून जाताना याच गोष्टीचा पुढचा हप्ता असतो: पूनावाला घराण्याच्या स्टड फार्मवरचे घोडे हाफकिन संस्थेला रक्तजलासाठी जायचे आणि त्यातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. रिक्षावाल्यालाही त्यांनी ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "साहेब, उतरायचं कुठं?"

रामाँनंतर लगोलग, १९२६ साली, इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनीने तुरटी वापरली. न्हावी दाढीनंतर फिरवतो तीच. ॲल्युमिनियमचे क्षार आजही कितीतरी लशींत असतात. ते का चालतात याचं जुनं उत्तर असं, की दंडात मालाचा डेपो तयार होतो आणि तिथून तो हळूहळू सुटतो. मंडळाच्या एका जेवणात भावोजींनी हे रंगवून सांगितलं आणि समोरचे एक डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पण उंदरांच्या बाबतीत टोचलेली जागाच काही तासांत कापून काढली, तरी अँटिबॉडी तेवढ्याच आल्या ना?" प्रश्न बिनतोड होता. भावोजी काहीच बोलले नाहीत. ताईला वाटलं, चला, एकदाचे निरुत्तर झाले. गुरुवारी डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तराचा पहिला भाग गेला: तुरटीचा डेपो खोटा ठरला म्हणून सावकाश सोडणं खोटं ठरत नाही. शनिवारी दुसरा भाग: पंपाने हळूहळू दिलेल्या लशींचे प्रयोग. पुढच्या आठवड्यात आलेख. त्यानंतरच्या आठवड्यात आलेखातल्या अक्षांचा खुलासा. डॉक्टरांनी अखेर फोन करून मान्य केलं. ताईचं म्हणणं, पटलं म्हणून नव्हे, दमले म्हणून. माझ्या मते दोन्ही. भावोजींचा मुद्दा बरोबरच होता, फक्त तो एका बैठकीत पोचवणं त्यांना अनैतिक वाटतं.

घरातल्या बातम्याही याच चालीने येतात. त्यांना बढती मिळाली तेव्हा पहिल्या रात्री "आज ऑफिसात केक होता" एवढंच कळलं. दोन दिवसांनी "केकवर माझं नाव होतं." रविवारपर्यंत ताईने बाकीचं दाबून काढलं.

आईचा मात्र या सगळ्यावर एकच प्रश्न असतो. परवा व्हिडिओ कॉलवर तिने पुन्हा विचारला, "जावईबापू, तुमची लस येणार कधी?"

"आई, सध्या उंदरांपर्यंत पोचलीय."

"बरे आहेत का ते?"

"एकदम ठणठणीत! महिने झाले तरी अँटिबॉडी टिकून आहेत."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग आत वळून कामवाल्या मावशींना म्हणाली, "बघा, आपण इथे माळ्यावर औषध टाकून टाकून थकलो, आणि आमचे जावई तिकडे त्यांना लसी देतायत."