नाइट मारली

आमच्या वेळी इंजिनिअरिंगला दोन गोष्टी मारायच्या असत. एक नाइट आणि दुसरी जीटी. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन कॉटच्या मध्ये खिडकीची काच आडवी टाकायची, खाली शंभरचा बल्ब, काचेवर दुसऱ्याची ड्रॉइंगची शीट आणि तिच्यावर आपली कोरी. खालच्या रेघा वर उमटतात, त्या गिरवायच्या. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या आम्हा तिघांचं अर्धं शिक्षण त्या काचेवर झालं. खिडकीला पुठ्ठा का लावलाय, हे मालकीणकाकूंनी चार वर्षांत विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

चौथा आजोबा. वय एकोणीस, पण दहाच्या ठोक्याला उशाशी तांब्या-भांडं ठेवून हा आडवा. मूळ शीट अर्थातच त्याची. त्याने ती दिवसाउजेडी, स्वतः काढलेली असायची.

रात्री अभ्यास चांगला होतो, असं आमचं ठाम मत होतं. त्यात तथ्यही आहे म्हणा. त्या वयात शरीराचं घड्याळच मागे सरकतं, झोप उशिरा येते. पण आम्ही तीही येऊ देत नव्हतो. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन तयार होऊ लागतं, उजेड दिसला की ते थांबतं. आणि आमच्या नाकाखाली वीतभर अंतरावर शंभर वॉटचा सूर्य! वर बाराला स्वारगेटवर जाऊन दोन कटिंग. चहातलं निम्मं कॅफीन पाचेक तासांनीही अंगात असतं. म्हणजे पहाटे पाचला झोपावं म्हटलं, तरी एक कटिंग शिल्लक.

1997 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखा वागतो. आपल्याकडे 0.03 टक्क्यांच्या वर गेलं की गाडी चालवता येत नाही. सकाळी सातला उठलेले आम्ही रात्री बाराला ही हद्द ओलांडून, हातात रोटरिंग पेन घेऊन बसायचो.

सबमिशनच्या आदल्या रात्री साडेतीनला माझी शीट पूर्ण झाली. एकही रेघ चुकली नाही. गिअरचे दाते मोजून घेतले. मग कॉटवर पडलो, पण डोळे मिटले की दातेच फिरायचे. शेजारी आजोबा सुखाने घोरत होता.

सकाळी सरांनी माझी शीट पाहिली. "सुंदर," म्हणाले. मग कोपऱ्यातल्या चौकटीकडे पाहिलं आणि आजोबाला हाक मारली. त्याची शीट शेजारी ठेवली. रेघ न् रेघ तीच. नाव तेच. रोल नंबर तोच. सहीसुद्धा.

सरांनी दोन्हींवर शेरा मारला आणि दोन्ही शीट आजोबाच्या हातात दिल्या.