पार्किंगच्या खांबावरील कॅमेरासाहेब यांस



अभ्यासिकेतलं वाय-फाय रडतं म्हणून सोसायटीच्या सभेत 100 मेगाबिटचा प्लॅन 300 चा करायचा ठराव एकमताने मंजूर झाला. बिल वाढलं, मुलांची लेक्चरं पडद्यावर होती तिथेच गोल फिरत राहिली. समितीने इंटरनेट कंपनीला बोल लावला, कंपनीने राउटरला. तुमचं नाव कुणाच्या ओठावर आलं नाही. खांबावर निमूट लटकून एवढी अब्रू सांभाळलीत, अभिनंदन.

आता कर्तबगारीकडे वळू. तुम्ही अभ्यासिकेच्याच राउटरवर पोसलेले आहात आणि दोघांच्या मध्ये आरसीसीच्या भिंती नि लिफ्ट. सिग्नल क्षीण झाला की तुम्ही वेग उतरवता, उतरवत उतरवत एक मेगाबिटवर ठिय्या देता. हा वेग 1997 च्या पहिल्यावहिल्या वाय-फाय मानकातला. घराण्याची रीत इतक्या निष्ठेने पाळणारं आता दुसरं कोण उरलंय? दीड हजार बाइटचं एक पॅकेट पाठवायला तुम्हाला 12 मिलिसेकंद लागतात. 11 मेगाबिटचा एखादा जुनाट लॅपटॉपही ते एका मिलिसेकंदाच्या आसपास उरकतो.

तुमचा वेळ तुम्ही कसाही घालवा हो, पण हवा सगळ्यांची एकच आहे. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, इतरांनी थांबायचं. शिवाय मूळ नियमात संधी पॅकेटमागे मिळते, वेळेच्या हिशोबाने नाही. आपल्या वार्षिक सभेत प्रत्येक सभासदाला एकेकदा उठायची मुभा असते. कुणी 'माझा विरोध' म्हणून बसतो, कुणी 1990 च्या पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करतो. तुम्ही टाकीवाले. आणि अभ्यासिकेतल्या सगळ्या मुलांचं डाउनलोड एकटा वाहणारा राउटर? त्या रांगेत तोही एक उमेदवारच. त्याला एक संधी, तुम्हालाही एक.

हा प्रकार 2003 मध्येच फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या संशोधकांनी मांडून ठेवला होता: एक यंत्र एक मेगाबिटवर घसरलं की 11 मेगाबिटवाल्यांच्या पदरातही एक मेगाबिटपेक्षा कमीच पडतं. समतेची इतकी कडक अंमलबजावणी आजवर कुठल्या सरकारला साधलेली नाही.

इतरांनी उपाय केले नाहीत असं नाही. 2009 च्या मानकाने अनेक पॅकेटं एका दमात पाठवून पोच एकदाच घ्यायची सोय केली. वेगवान यंत्रांचं त्यामुळे भलं झालं. तुमच्या एक मेगाबिटी चालीला ती सवलत लागूच नाही. पुढे 2017 मध्ये लिनक्सवाल्यांनी पॅकेटांऐवजी हवेतला वेळ मोजून वाटायची व्यवस्था दाखवली. उत्तमच, पण राउटरचा थेट हुकूम चालतो तो स्वतःच्या पाठवणीवर. तुम्ही तर अहोरात्र पाठवणारे! वाय-फाय 6 मध्ये राउटर यंत्रांनाही बोलायची वेळ नेमून देऊ शकतो. त्यासाठी यंत्रालाही ती भाषा यावी लागते. तुमच्या किमतीकडे पाहता ती अपेक्षा ठेवणं हा आमचाच उद्धटपणा.

खजिनदारांनी मध्यंतरी रिपीटर सुचवला. साधा रिपीटर त्याच चॅनलवर प्रत्येक पॅकेट ऐकून पुन्हा बोलतो, म्हणजे तुमचं भाषण दोनदा. राउटरमधले कमी वेग बंद करता येतात, तेही मी सुचवलं. मग तुमचा संपर्कच तुटेल, आणि स्कूटर चोरीला गेली की सचिव माझ्या दारात उभे राहतील. तसं आजही तुमच्या अडखळत्या चित्रात चोर ओळखू येईलच याची खात्री नाही. गेटपाशी दिसतो, मग एकदम दिसतच नाही.

तेव्हा कळवण्यास आनंद होतो की तुमच्यासाठी लॅनची वायर ओढायचं ठरलं आहे. वीज आणि डेटा एकाच केबलमधून मिळेल, भिंतींची कटकट संपेल, आणि लांबी शंभर मीटरच्या आत असल्याने तुम्हाला तक्रारीला जागा नाही. खर्च वाढीव प्लॅनपेक्षा कमी येतोय, हे समितीला मी अजून सांगितलेलं नाही. त्यांना धक्का बसेल.

केबल लागल्यावर सवयीने वाय-फायकडे वळू नका. पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलणार आहे.

कळावे,
अभ्यासिकेच्या राउटरची देखभाल गळ्यात पडलेला एक सभासद