लिनक्सदादा

इंजिनिअरिंग कॉलेजच्या आसपास जिथे जिथे कॉट बेसिसवर पोरं राहतात, तिथे एक तरी लिनक्सदादा असतोच. लॅपटॉपच्या झाकणावर पेंग्विनचं स्टिकर, स्क्रीनवर काळं टर्मिनल. 'विंडोज' म्हटलं की ऐन श्रावणात कुणी पुढ्यात कोंबडी वाढल्यासारखा त्याचा चेहरा होतो.

फायनल इयरच्या प्रोजेक्टला मोबाइल ॲप घेतलं की ज्युनिअर त्याच्याच खोलीवर येतात.

"दादा, अँड्रॉइड स्टुडिओ टाकून दे ना."

"टाकू की. पण आधी तुझं विंडोज उडवू."

फाइल उतरते. ज्युनिअर सवयीने डबल-क्लिक करायला जातो, तर दादा त्याचा हात धरतो. ती टर्मिनलमधूनच उलगडायची, 'ऑप्ट' फोल्डरमध्येच ठेवायची आणि मग 'बॅशआरसी'त पाथ लिहायचा. पाथमध्ये एक अक्षर चुकतं आणि 'कमांड नॉट फाउंड' येतं. दादाची कळी खुलते. "आता खरी मजा!"

एम्युलेटर केव्हीएमची परवानगी मागतो. मग युजरला केव्हीएमच्या ग्रुपमध्ये घाला, लॉग-आउट करा, परत या. एवढं करून आठ जीबी रॅमवर एम्युलेटर उघडतो, तेव्हा पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत जातो. "राहू दे, तुझा फोनच जोडू," दादा म्हणतो. बिल्ड नंबरवर सात वेळा बोट आपटलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, हे तो मंत्र दिल्यासारखं कानात सांगतो. केबल लावून 'एडीबी डिव्हायसेस' मारलं, तर फोनपुढे उत्तर येतं: 'नो परमिशन्स'.

यूडेव्हची रूल फाइल लिहिता लिहिता दादा व्याख्यान सुरू करतो. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने कर्नल लिहिला. आज अँड्रॉइडच्या पोटात तोच आहे. "म्हणजे हा फोन आपल्या घरचाच, बरं का!"

"मग घरात का घेत नाहीत त्याला?"

"ओळख पटल्याशिवाय घरच्यालाही घेत नाही. याला सिक्युरिटी म्हणतात!"

आयफोनचं ॲप करायचं का, असं मात्र कुणी विचारू नये. एक्सकोड फक्त मॅकवर चालतं, आणि तो विषय या खोलीत निघत नाही.

एकदा एका आगाऊ ज्युनिअरने स्नॅपची एका ओळीची कमांड मारली आणि चहा यायच्या आत स्टुडिओ उघडून दाखवला. दादाने सगळीकडून तपासलं. कुठेच एरर नव्हती. "असं शिकणार का तुम्ही?" म्हणत त्याने ते काढून टाकलं आणि पहिल्यापासून हाताने बसवायला घेतलं.

दादाचं स्वतःचं ॲप डोक्यात केव्हाच तयार आहे, मेसचे खाडे मोजणारं. फक्त उबंटूची नवी आवृत्ती येऊ दे, म्हणतो. आत्ता बसवून पुन्हा मोडायचं कशाला? ती दर एप्रिल-ऑक्टोबरात येते. दादा ती त्याच रात्री चढवतो, काहीतरी हमखास मोडतं, आणि पुढचे सहा महिने त्याचे सुखात जातात.