माझ्या बाळाला पण सेम

रात्री पावणेदोनला बाळ खोकू लागलं की पूर्वीच्या आईबापांचे फार हाल होत. त्यांना बाळाकडे बघावं लागे. अंगाला हात लावून ताप आहे का पाहायचं, श्वास भरभर चाललाय का ते मोजायचं, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय का हे दिवा लावून न्याहाळायचं आणि सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच रिक्षा शोधायची हे स्वतःच्या डोक्याने ठरवायचं. सासूबाईंना उठवलं तर उद्या चारजणींना सांगतील, ही धास्ती वेगळीच. आता हा जाच संपला. बाळाला डाव्या खांद्यावर टाकून आई उजव्या अंगठ्याने ग्रुपवर लिहिते, ‘हॅलो मॉमीज, माझं बाळ सात महिन्यांचं आहे, खूप खोकला आहे, झोपत नाहीये. प्लीज घरगुती उपाय सांगा. डॉक्टरकडे जा असं सांगू नका.’

ही शेवटची अट घालावीच लागते. नाहीतर काहीजणी खरोखरच डॉक्टरकडे जायला सांगतात. अशा एक-दोघी प्रत्येक ग्रुपवर असतात आणि त्यांच्यापायी चांगल्या रंगलेल्या चर्चेचा विचका होतो.

पहिलं उत्तर मिनिटभरात येतं : ‘माझ्या बाळाला पण सेम.’ यात औषध नाही, सल्ला नाही, तरी आईला निम्मं बरं वाटतं. (बाळ खोकतच असतं, पण प्रश्न काही बाळाने विचारलेला नसतो.) दुसरी लिहिते, ‘फॉलोइंग.’ तिसरी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायला सांगते. चौथी म्हणते, ओवा उष्ण पडतो, त्यापेक्षा विड्याच्या पानाला एरंडेल लावून ते छातीवर ठेव. पाचवीला दोन्ही पसंत नसतं. ती मोहरीच्या तेलात लसूण कडकडवायला घेते. मग कुणी जायफळ उगाळतं, कुणी वेखंड, कुणी आईचं ताक तोडतं, कुणी तिचं केळं. एक ताई खोबरेल तेलात कापूर विरघळवून बाळाच्या नाकाशी लावायला सांगतात. कापराने तान्ह्या मुलांना झटके येऊ शकतात असं बालरोगतज्ज्ञ बजावतात खरं, पण ताईंच्या उत्तराला तोवर एकवीस बदाम पडलेले असतात. झटक्यांच्या बाजूने एकही बदाम नसतो.

या सगळ्यांत शब्द कुणाचा चालतो, तर आठ महिन्यांच्या बाळाच्या आईचा. तिचं बाळ गेल्याच महिन्यात सात महिन्यांचं होतं, त्यामुळे तिला सगळं ताजं आठवतं. बालरोगतज्ज्ञाने हजारो मुलं पाहिलेली असतात आणि तिथेच त्याचा घोटाळा होतो. एकाचा खोकला दुसऱ्यासारखा नाही, एकाला वाफेने बरं वाटलं तर दुसऱ्याला न्यूमोनिया निघाला, असलं काहीबाही त्याच्या डोक्यात साठून राहतं आणि मग तो ठाम बोलू शकत नाही. ज्याने आयुष्यात एकच मूल पाहिलंय, त्याचं मत कधी डळमळत नाही.

शिवाय डॉक्टरला प्रश्न विचारायची खोड. वजन किती? दूध नीट पितंय का? दिवसभरात लघवी कितीदा झाली? घरात कुणी आजारी होतं का? सल्ला मागायला गेलेल्या माणसाची ही उलटतपासणी म्हणजे अपमानच. ग्रुप असं कधी करत नाही. बाळ मुलगा की मुलगी, अंगात ताप आहे की नाही, काही काही न विचारता तो सरळ जायफळावर येतो. फी नाही, नंबर लावणं नाही, आणि उत्तर आवडलं नाही तर खाली आणखी साठ आहेत.

मधाची गोष्ट निघाली की ग्रुपची खरी ताकद दिसते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यात बोट्युलिझमच्या जिवाणूंची बीजं असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ती रुजून विष तयार करतात, असं कुणीतरी शिकलेली मुलगी लिहिते. त्यावर तडक उत्तर येतं, ‘आम्हाला तर जन्मल्या जन्मल्या सोन्याच्या अंगठीने मध चाटवला होता, आम्हाला काय झालं?’ हा बिनतोड मुद्दा आहे. ज्यांना काही झालं, ते ग्रुपवर यायला उरले नाहीत, त्यामुळे इथलं मतदान नेहमी एकमताने होतं. आजीच्या काळी हे सगळं चालायचं आणि मुलं कशी दणकट निघायची! सरकारी नोंद मात्र रुक्ष आहे : १९७१ साली देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत जात, २०२० साली २८. ही घट कुठल्याही आजीच्या बटव्याने घडवली असेल, निदान लसींनी आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांनी नाही, असं मानायला ग्रुपचा विरोध नसतो.

तज्ज्ञांवर विसंबून राहिलेल्यांचं काय झालं, तेही बघा. जॉन वॉटसन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली पुस्तक लिहून आईबापांना सांगितलं की मुलांना मांडीवर घेऊ नका, पापे घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा. १९४६ साली डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांनी दुसरं पुस्तक काढून सांगितलं की मुलांना खुशाल जवळ घ्या. ते पुस्तक जगभर खपलं. पण त्याच स्पॉकसाहेबांनी पुढच्या आवृत्त्यांत बाळाला पालथं झोपवायचा सल्ला दिला, आणि काही वर्षांनी पालथ्या झोपेचा नि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचा संबंध दिसून आला. शेवटी १९९४ साली अमेरिकेत बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम काढावी लागली. आता यात स्पॉकसाहेबांचं चुकलं कुठे? त्यांनी सल्ला छापला, त्यावर नाव घातलं. त्यामुळे कुठल्या आवृत्तीत काय लिहिलं होतं, हे शोधून कुणालाही त्यांना पकडता आलं. ग्रुपवर सकाळी सांगितलेला कापूर दुपारपर्यंत दीडशे ‘गुड मॉर्निंग’ आणि एका वाढदिवसाच्या केकखाली गाडला जातो. ज्याला पकडता येत नाही, तो चुकतही नाही.

आपल्याकडेही ताराबाई मोडकांनी काय कमी उपद्व्याप केले? १९२६ साली गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, पालकांनी आणि शिक्षकांनी वाचावी म्हणून शिक्षणपत्रिका चालवली. पुढे त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघांना सोबतीला घेऊन कोसबाडच्या टेकडीवर जाऊन राहिल्या आणि मुलांकडे बघत बसल्या. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हणू लागल्या. पोरं गुरांमागे कुरणात जातात असं दिसलं, तर कुरणशाळा काढली. एवढी वर्षं बघूनही बाई एका ओळीत उत्तर देत नसत. आधी तुमच्या मुलाचं काय चाललंय ते बघा, असाच त्यांच्या सांगण्याचा रोख. त्यांच्या काळी ग्रुप नव्हता, दुसरं काय.

मूल शाळेत गेलं की ग्रुप बदलतो, मजा तीच राहते. रात्री साडेदहाला ‘उद्या यलो डे आहे की ऑरेंज डे?’ हा प्रश्न पडतो आणि पावणेअकरापर्यंत तीन रंग निघतात. कुणीही शेजारी झोपलेल्या मुलाला विचारत नाही, कारण त्याला काय कळतंय. (त्याला माहीत असतं. वर्गात सांगितलेलं असतं.) इथे क्वचित एखादे बाबाही असतात. ते वर्षातून दोनदा, फी भरायच्या शेवटच्या तारखेला आणि स्नेहसंमेलनाच्या पासांच्या वेळी, अंगठा दाखवून जातात. सल्ला मात्र देत नाहीत, कारण मुलगी कितवीत आहे याची खात्री नसते.

माझी स्वतःची आवडती चर्चा म्हणजे ‘मुलाचा मोबाइल कसा सोडवावा?’ ही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवलंय की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर तासभर. हे वाक्य शोधून ग्रुपवर टाकायला एका बापाला जेवणाच्या ताटावर वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात समोर बसलेल्या मुलाने दोनदा विचारलं, ‘बाबा, मी जरा बघू?’ बाबा म्हणाले, ‘थांब रे, तुझ्याचबद्दल चाललंय.’ चर्चा साडेअकरापर्यंत चालली. सर्वांत जास्त बदाम पडले ते मुलांना मोबाइलपासून दूर ठेवण्याच्या बारा मिनिटांच्या व्हिडिओला.

आणि तो खोकला? तो गेला. साध्या सर्दीचा बहुतेक खोकला काही दिवसांत आपला आपण जातो. पण ओवा, पान, लसूण, जायफळ आणि वेखंड ओळीने करून झाल्यावर त्याला आपला आपण जायची संधीच उरलेली नसते. नेमका गुण कशाचा आला हे सांगता येईना, म्हणून आईने सगळ्याचाच आला असं धरलं. परवा सहा महिन्यांच्या बाळाची एक आई रात्री अडीचला विचारत होती. हिने पाचही उपाय क्रमाने, मापासकट लिहून दिले आणि खाली घातलं, ‘टेन्शन नको घेऊ गं, माझा अनुभव आहे.’ नव्या आया आता तिला ‘मॅम’ म्हणतात. पुढच्या महिन्यात तिला अ‍ॅडमिन करणार आहेत.