घर विकायलाव म्हणं?

नांदेड-लातूरकडं घर बांधलं की लोक वास्तुशांतीला जेवायला येतात आणि विकायला काढलं की चौकशीला. ‘घर विकायलाव म्हणं?’ हा प्रश्न वरवर साधा, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न असतात. कर्ज झालं का, भावाभावांत बिनसलं का, की पोरानं पुण्याला बोलावून घेतलं? बहुतेकांचं खरं उत्तर तिसरं असतं. पोरगा-सून हिंजवडीत, नातवाला इथलं ऊन सोसत नाही, आणि तीन खोल्या, अंगण, बोअर, कडुनिंब असं सगळं नांदेडच्या भाग्यनगरात कुलपाआड. पण तिसऱ्या उत्तरात काही चव नसते. त्यामुळं विचारणारा ते ऐकून घेतो आणि पहिल्या दोहोंपैकी एक घेऊन घरी जातो. म्हणून आमच्याकडं घर गुपचूप विकतात.

वडिलांचं घर विकायचं ठरलं तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, एजंट कशाला? पन्नास लाखांचं घर विकलं तर दोन टक्क्यांनी लाखभर रुपये तोच नेणार. ऑनलाइन टाका.” मॅजिकब्रिक्स आहे, नाइन्टीनाइन एकर्स आहे, दोन्ही वीसेक वर्षांपासून चालू. त्यातलं नव्व्याण्णव एकरांचं नाव ऐकून मी जरा दबकलो. आमचा प्लॉट बाराशे फुटांचा.

शेवटी एका साइटवर फॉर्म भरायला घेतला. फॉर्म चांगला शिकलेला होता. स्विमिंग पूल आहे का, क्लब हाउस आहे का, पाळीव प्राण्यांना परवानगी आहे का, सगळं त्यानं विचारलं. (दारात रोज पोळीला येणाऱ्या गाईनं आजवर परवानगी मागितलेली नाही.) किमतीला मात्र एकच रकाना. फॉर्म करणाऱ्याची मला दया आली. आमच्याकडं घराला किमान चार किमती असतात: पाहुण्यांना सांगायची, गिऱ्हाइकाला सांगायची, खरेदीखतात लिहायची आणि मनातली.

जाहिरात चढली आणि फोन सुरू झाले. तरोडा नाक्यावरून, वजिराबादेतून, सिडकोतून. सगळे एजंट! एका दलालाला टाळायला निघालो, तर नांदेडातले झाडून सगळे दलाल तिथं आधीच बसलेले. त्यांच्या मधोमध पुण्याहून चुलतबहिणीचा फोन आला. “दादा, घर विकायलास म्हणं? काही अडचण हाय का?” जाहिरातीतला फोटो घरच्या ग्रुपवर गेला होता, आणि मागच्या दोरीवरचं धोतर कुणाचं यावर तिथं सकाळपासून चर्चा चालली होती.

लातूरला आमच्या साडूंचीही हीच गत, पण तिथलं गिऱ्हाईक निराळं. लातूर पॅटर्ननं त्या गावाला खोल्या मोजायची वेगळीच नजर दिली आहे. नीट-जेईईची पोरं बाहेरगावाहून येतात, त्यामुळं घर बघायला आलेला माणूस हॉलमध्ये उभा राहून आधी कॉटा मोजतो. एकानं देवघराचा दरवाजा उघडून “इथं एक पोरगं आरामात बसतंय की,” म्हटलं, तेव्हा मेहुणीबाईंनी चहा ठेवायचा रद्द केला. पुढचा प्रश्न ठरलेला: बांधकाम त्र्याण्णवच्या आधीचं का नंतरचं? ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट तिथं अजून भिंतींचं वय सांगते. आणि मग बोअर. ज्या शहरानं २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, तिथं गिऱ्हाईक किचनच्या ओट्यापेक्षा मोटारीचं बटण आधी दाबून बघतं.

नांदेडला हेच उलटं. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की गोदावरी खालच्या वस्त्यांत शिरते. त्यामुळं “पाणी येतंय का?” या एकाच प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की लातूरला भाव चढतो आणि नांदेडला उतरतो. फॉर्ममध्ये ‘पाणीपुरवठा: चोवीस तास’ अशी एक चौकट होती. ती नांदेडात भरायला मला धीर झाला नाही.

शेवटी आयटीआयच्या कोपऱ्यावरच्या टपरीजवळ ज्यांचं ऑफिस मोटारसायकलच्या डिक्कीत असतं, त्या मामांकडं गेलो. त्यांना सगळं गाव मामाच म्हणतं. त्यांनी खोल्या विचारल्या नाहीत, दिशा विचारली नाही. पहिला प्रश्न: “बहिणी किती?” दोन, म्हणालो. “सह्या देतेत का?” बापाच्या घरात लेकीचा वाटा १९५६च्या वारसा कायद्यापासून आहे, वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं तो १९९४ साली दिला, देशभर २००५ साली. मामांना यातलं एकही साल ठाऊक नाही. पण रजिस्ट्रीच्या दिवशी कोणती बहीण रुसेल, आणि तिला आणायला मी जावं की बायकोनं, हे त्यांनी चहा संपायच्या आत सांगितलं. दुसरा प्रश्न, “एनए हाय का गुंठेवारी?” महारेरानं २०२३पासून एजंटांना परीक्षा लावली आहे, त्याचं काय, असं मीच उलट विचारलं. “ती नव्या प्रोजेक्टवाल्यांना, सर. जुन्या घराची परीक्षा आमची रोजच असती.”

माळेगावच्या जत्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बाजारात जनावराचा सौदा रुमालाखाली होताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना मामांचं काम समजावून सांगायला नको. वर पाऊसपाण्याच्या गप्पा, खाली बोटांवर हजार. भाव तोंडानं बोलला की भांडण होतं, बोटानं बोलला की सौदा. मी म्हणायचो, “त्या माणसाचं डोकं फिरलंय.” पलीकडं जाईपर्यंत त्याचं “सर म्हणालेत, अजून जरा बघा” झालेलं असे. तोही माझ्याबद्दल काहीतरी म्हणतच असणार. ते मला कधी कळलं नाही. दोन टक्के मी त्याचे दिले.

मजा म्हणजे मामांनीही घर साइटवर टाकलं. माझ्यापेक्षा चांगले फोटो, धोतर नाही, कडुनिंब मात्र आहे, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘थेट मालकाकडून. एजंट क्षमस्व.’

गिऱ्हाइकाची वाट बघत टपरीवर बसलो असताना मी त्यांना विलायतेतल्या पर्पलब्रिक्सची गोष्ट सांगितली. ऑनलाइन घरं विकणारी कंपनी, टक्केवारी नाही, ठरावीक फी. २०१७ साली शेअर बाजारात तिची किंमत अब्ज पौंडांच्या वर गेली होती, आणि २०२३ साली ती एका प्रतिस्पर्ध्याला एका पौंडाला विकली गेली.

मामांनी कप खाली ठेवला. “पौंड म्हणजे किती?”

“शंभरेक रुपये.”

“आन् मधी कोण होतं?”

ते मला सांगता येईना. मामांनी मनात हिशेब केला आणि त्या अनोळखी माणसासाठी त्यांचा चेहरा उतरला.

“दोन टक्क्यानं दोन रुपये. चहा बी येत नाही ओ त्यात.”