अठरा होल आणि एक वकालतनामा

वकिली चालवायची तर कायदा येऊन भागत नाही, गोल्फ यायला हवा, असा एक समज अमेरिकेतल्या बड्या लॉ फर्ममध्ये वाढला आणि यथावकाश नरिमन पॉइंट, बीकेसी करत बाणेर-बालेवाडीपर्यंत येऊन पोचला. युक्तिवाद असा की कंपन्यांचे मालक, वित्तप्रमुख आणि त्यांचे कायदा सल्लागार शनिवारी सकाळी हिरवळीवर असतात. आपणही तिथे जावं, काठी फिरवावी, चार गोष्टी बोलाव्यात, म्हणजे सोमवारी ब्रीफ आपल्या पायांनी चेंबरमध्ये येतं. नुकतीच सनद घेतलेल्या आणि अजून स्वतःची खुर्चीही नसलेल्या ज्युनियरला हे फारच गोड वाटतं. माझी कैफियत पहिल्या परिच्छेदातच दाखल केलेली बरी: गोल्फमुळे वकिली चालत नाही, चाललेल्या वकिलीमुळे गोल्फ चालतो. मोठे वकील गोल्फ खेळताना दिसतात हे खरं. पण लग्नात पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसलेली मंडळी वजनदार असतात, म्हणून त्या सोफ्यावर जाऊन बसल्याने कुणाचं वजन वाढत नाही. फार तर मुलीकडचे समजतात हे मुलाकडचे, आणि मुलाकडचे समजतात हे मुलीकडचे.

वादीचा सगळ्यात भक्कम पुरावा स्कॉटलंडचा आहे, तो आधी घेऊ. कायद्याची आणि गोल्फची पहिली गाठ तिथेच पडली आणि ती काही सलोख्याची नव्हती. १४५७ साली तिथल्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्हींवर बंदी घातली, कारण माणसं तिरंदाजीचा सराव सोडून चेंडूमागे धावत होती. तीनशे वर्षांनी चित्र पालटलं. १७४४ मध्ये एडिंबराजवळ लीथच्या मैदानावर स्पर्धा भरली, तिच्यासाठी खेळाचे पहिले लेखी नियम झाले, एकूण १३. जिंकला जॉन रॅट्रे नावाचा शल्यवैद्य. त्याच मंडळीत खेळणारे डंकन फोर्ब्स हे स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. पुढच्याच वर्षी बंड झालं, रॅट्रे बंडखोर राजपुत्राच्या सैन्याबरोबर गेला, १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईनंतर पकडला गेला, आणि फाशीचा दोर दिसू लागला तेव्हा फोर्ब्स यांनी रदबदली करून त्याला सोडवलं, असं गोल्फच्या इतिहासात सांगितलं जातं. आता यापेक्षा दणदणीत नेटवर्किंग कुठलं? वादीच्या वकिलाने इथेच खाली बसावं. कारण उलटतपासणीत पहिलाच प्रश्न येतो की फायदा कुणाचा झाला, आणि उत्तर येतं, डॉक्टरचा. न्यायाधीशांच्या पदरात काय पडलं? एक फुकटचं काम. आणि हिरवळीवर अशील मिळवणारा वकील या सगळ्या गोष्टीत आहे तरी कुठे?

शिवाय रॅट्रेचा दाखला आपल्याकडे चालायचा नाही, कारण त्यात मदतीला धावून येणारा गृहस्थ न्यायाधीश आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी न्यायाधीशांच्या आचरणाची जी मूल्यं मान्य केली, त्यांत वकिलांशी, विशेषतः त्याच न्यायालयात वकिली करणाऱ्यांशी, जवळीक टाळावी असं स्पष्ट म्हटलं आहे. क्लबाची निवडणूकसुद्धा न्यायाधीशाने लढवायची नाही. तेव्हा हिरवळीवर न्यायमूर्ती दिसलेच, तर शहाण्या वकिलाने आपला चेंडू मुद्दाम झाडीत मारावा आणि ते पुढे जाईपर्यंत तो शोधत बसावं. राहिले अशील. तिथे बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ दारात उभा. वकिलाने जाहिरात करायची नाही, दलाल ठेवायचे नाहीत, काम मागत फिरायचं नाही. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी आणि तिच्यावर आपण पूर्वी न्यायाधीश होतो वगैरे मिरवायचं नाही. २००८ मध्ये वेबसाइट ठेवायला परवानगी मिळाली, तीही नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र असल्या जुजबी माहितीपुरती. गोल्फवाले इथे एक बारीक फट दाखवतात. नियमाची मनाई आहे ती वैयक्तिक संबंध नसताना घेतलेल्या गाठीभेटींना. मग संबंध आधी जोडून घेतले तर? युक्तिवाद झकास आहे, वकिलालाच सुचावा असा. पण जो संबंध ब्रीफवर डोळा ठेवून जोडला, तो वैयक्तिक कसला? आणि समोरच्याला हे कळत नाही असं मानायचं म्हणजे कामगार संघटना, बँका आणि विक्रीकर खातं कोळून प्यायलेल्या माणसाला दूधखुळा समजायचं.

यावरची खरी वजनदार हरकत वेगळीच आहे. दुसरा कुठला खेळ एखाद्या बड्या आसामीला चार तास तुमच्या शेजारी, फोनपासून दूर ठेवतो? हे कबूल करायलाच हवं. टेनिसमध्ये समोरचा जाळीपलीकडे असतो, पोहताना तोंड उघडता येत नाही आणि क्रिकेटमध्ये आपल्याला फाइन लेगला उभं केलेलं असतं. गोल्फ मात्र बोलण्यासाठीच काढल्यासारखा आहे, घटकाभर मारायचं आणि उरलेला वेळ चालायचं. पण या चार तासांत तुम्ही अशिलाला बघता तसा तोही तुम्हाला बघतो, हे सांगायला करिअरचे सल्लागार विसरतात. मित्रामित्रांच्या खेळात पंच नसतो. आपले फटके आपणच मोजायचे. वकील वाळूच्या खड्ड्यात उतरतो, तीनदा नुसती वाळू उडते, चौथ्या खेपेला चेंडू कसाबसा काठावर येतो, आणि वर उभा असलेला अशील सहज विचारतो, ‘किती झाले?’ या प्रश्नाला बरोबर उत्तरच नाही. ‘तीन’ म्हणावं, तर तो मनातल्या मनात तुमच्या मागच्या बिलातले तास पुन्हा मोजायला घेतो. ‘चार’ म्हणावं, तर हा इतका सरळ माणूस, कोर्टात आपलं कसं व्हायचं, ही चिंता. आणि सवयीने ‘माझ्या हक्कांना बाध न येता चार’ असं तोंडून गेलं, तर पुढचे सगळे होल मुकाट्याने. जिंकावं तर तो हिरमुसतो, मुद्दाम हरावं तर ते त्याच्या लक्षात येतं, आणि हरायला राजी असलेला वकील कुणाला हवा असतो? हँडिकॅपची सोय आहे म्हणतात, म्हणजे कच्च्या खेळाडूला काही फटके माफ. अशी तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत नाही, हे वकिलांचं दुर्दैव.

आता समाजशास्त्राची साक्ष. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एका गाजलेल्या निबंधात मांडलं, की नोकरीची बातमी माणसाला जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडून जास्त मिळते, कारण जिवलगांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. गोल्फचा हिशेब इथे फसतो. चौघांचा गट, म्हणजे अख्खी सकाळ मोडून तीन माणसं, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तीच तीन. तोंडओळखी कमवायच्या तर सकाळी दहाच्या सुमारास फोर्टात उच्च न्यायालयाच्या व्हरांड्यात उभं राहावं. बगलेत फायलींचा गठ्ठा घेतलेला एखाद्या सॉलिसिटरचा कारकून बोर्डावर बोट फिरवत आपलं मॅटर कितवं ते बघत असतो. फाइलिंगची ऑब्जेक्शन्स कुठल्या टेबलावर अडकली आहेत, कुठला ज्युनियर आज तापाने घरी आहे, कुठले काउन्सेल दुसऱ्या कोर्टात उभे राहिले ते अजून खाली बसलेले नाहीत, हे सगळं त्याला ठाऊक असतं. नवख्या वकिलाला पहिलं काम मिळतं ते अशा घडीला: ‘जरा उभे राहता का साहेब, तारीखच घ्यायची आहे.’ ती तारीख धडपणे घेतली, न्यायमूर्तींनी विचारलेल्या एका प्रश्नाला फाइल न चाचपता उत्तर दिलं, की पुढच्या खेपेला तोच कारकून शोधत येतो. (ही दलालीची शिफारस नव्हे, तिच्यासाठी नियम ३६ आहेच.) तालुक्याच्या कोर्टात व्हरांडा लहान आणि टपरी मोठी, एवढाच फरक. गोल्फच्या खर्चाचं तर बोलायलाच नको. ज्युनियरला शहरात दरमहा निदान २०,००० रुपये मानधन द्यावं अशी शिफारस बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. शिफारस करावी लागली, यातच सगळं आलं. तेवढ्या रकमेत काठ्यांचा संच, बूट, कॅडीचे पैसे आणि विरारचा पास बसवून दाखवणाऱ्याने वकिली सोडून देशाचा अर्थसंकल्प मांडावा.

यावर कुणी म्हणेल, खेळ राहू द्या, पण क्लबात ओळखी होतात त्याचं काय? होतात की. पण मग काम खेळाने केलं की दाराने, ते आधी ठरवा. लीथच्या मैदानावरची ती जुनी मंडळी फिरत फिरत मुइरफील्डला स्थायिक झाली. एडिंबराच्या न्यायाधीश-वकिलांची तिथली बैठक पिढ्यान्‌पिढ्यांची. स्त्रियांना सदस्य करून घ्यावं का, यावर २०१६ मध्ये मतदान झालं तेव्हा ६४ टक्के मतं बाजूने पडली, हवी होती दोन तृतीयांश, ठराव बारगळला. विरोधकांची एक काळजी अशी होती की बायका आल्या तर खेळ रेंगाळेल. रेंगाळण्याची तक्रार, आणि तीही वकिलांच्या अड्ड्यातून! ओपन स्पर्धेचं यजमानपद हातचं गेलं तेव्हा पुढच्याच वर्षी त्याच सदस्यांना सुबुद्धी झाली. अमेरिकेतल्या ऑगस्टा गोल्फ क्लबाचं दार स्त्रियांसाठी त्याआधी, २०१२ मध्ये, किलकिलं झालं होतं. म्हणजे ‘गोल्फ शिका, ओळखी वाढतील’ हा सल्ला वकील बाईंना दिला जात होता, तेव्हा जिथे ओळखींचा सौदा चालायचा त्या खोलीत त्यांना सदस्य म्हणून बसताच येत नव्हतं, फटका कितीही देखणा असला तरी. आणि वाडवडिलांच्या पुण्याईने आत असलेल्या माणसाला चेंडूला काठी लागली नाही तरी चालत होतं. मुंबईत विलिंग्डन क्लबाचं सदस्यत्व मिळवण्यापेक्षा सनद मिळवणं कितीतरी सोपं, हे फोर्टातला कुठलाही वकील सांगेल. तिथे पोचलेल्या माणसाला ओळखींसाठी गोल्फ लागत नाही.

गोल्फने वकिलांना काम दिलंच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. भरपूर दिलं, फक्त कुंपणाबाहेरच्यांना. १९२२ चा इंग्लंडमधला टॅक्सीचालकाचा दावा नुकसानभरपाईचा कायदा शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा असतो. तेराव्या टीवरून मारलेला चेंडू रस्त्यावर आला, टॅक्सीची काच फुटली, चालकाचा डोळा गेला आणि क्लबाला भरपाई द्यावी लागली. काम कुणाला मिळालं? टॅक्सीवाल्याच्या वकिलाला, त्याला काठी कुठल्या बाजूने धरतात हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. अमेरिकेत केसी मार्टिन या पायाने अधू असलेल्या खेळाडूने स्पर्धेत गाडीतून फिरू द्या म्हणून दावा लावला, तो २००१ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. चालणं हा गोल्फचा गाभा आहे की नाही यावर नऊ न्यायमूर्तींनी डोकं चालवलं आणि ७ विरुद्ध २ मतांनी ठरवलं, की नाही. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी आपल्या निकालपत्रात सहकाऱ्यांची यथेच्छ खिल्ली उडवली आणि १४५७ च्या त्या बंदीचीही आठवण काढली. दोन्ही बाजूंच्या वकिलांची मात्र फी झाली.

अमेरिकी खजिन्यानेही या वादात आपलं मत नोंदवून ठेवलं आहे. २०१७ च्या करसुधारणेनंतर अशिलाला गोल्फ खेळवण्याचा खर्च तिथे उत्पन्नातून वजा होत नाही; खेळानंतर त्याला जेवू घातलं आणि बिल वेगळं घेतलं, तर त्यातला निम्मा खर्च वजा करता येतो. तेव्हा तरुण वकील मित्रहो, खेळ आवडत असेल तर जरूर खेळा, हवा छान असते. अशिलाशी बोलायचं असेल, तर त्याला सरळ जेवायला न्या. आणि उद्याचं बोर्ड आज संध्याकाळीच बघून ठेवा.